विचारलेलं नाही

मी एक रूपांतरक. म्हणजे नेमकं काय, ते कळल्याशिवाय माझी तक्रार तुम्हाला कळायची नाही. म्हणून तेवढं आधी ऐकून घ्या.

एका मोठ्या रुग्णालयात दोन संगणकप्रणाली आहेत. एक नोंदणीची. रुग्ण आत आला की त्याचं नाव, वय, पत्ता, दुखणं तिच्यात भरतात. दुसरी औषधविभागाची. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तिथून सुटतं. पहिली प्रणाली जावा भाषेत लिहिलेली आहे. दुसरी कुणी लिहिली, कधी लिहिली, हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, म्हणून त्या एक्सएमएल नावाच्या सरळसोट मजकुरात एकमेकींना पत्रं पाठवतात.

जावामधला रुग्ण उचलून त्या पत्रात उतरवायचं काम एक फ्रेमवर्क करतं. हा बाहेरून आणलेला तयार सांगाडा. आकडा कसा लिहायचा, तारीख कशी लिहायची, यादी कशी लिहायची, हे त्याला आधीपासून येतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच लिहितं. पण जिथे त्याची रीत चालत नाही तिथे माणसं स्वतःचा रूपांतरक लिहितात आणि फ्रेमवर्कच्या नोंदवहीत एक ओळ घालतात: अमुक प्रकारची गोष्ट आली की तू स्वतः हात घालू नकोस, याला बोलाव.

मी त्यातला. माझ्याकडे एकच रकाना होता, अ‍ॅलर्जीचा. तेवढ्या एका रकान्यावरून माझ्या आयुष्यात काय काय घडलं ते सांगतो.

सुरुवात एका फोनने झाली. औषधविभागाच्या खिडकीत बरीच वर्षं काम केलेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना औषधकाका म्हणत. त्यांनी नोंदणीप्रणाली सांभाळणाऱ्या बाईंना फोन केला. या बाई तेव्हा चाळिशीच्या होत्या आणि विभागातले सगळे त्यांना ताई म्हणत.

"ताई, तुमच्या यंत्राला सगळे रुग्ण ठणठणीत वाटतात," काका म्हणाले. "कुणालाच कशाचं वावडं नाही. असं कसं?"

ताई म्हणाल्या, "यादी रिकामी असेल काका, म्हणून नाही दाखवत असेल."

"तुम्ही इकडे या. खिडकीत बसा एक सकाळ. मग बोलू."

ताई गेल्या. काकांच्या शेजारी उंच स्टुलावर, कापसाच्या खोक्यांना पाठ टेकून त्या सकाळभर बसल्या. खिडकीशी एक माणूस आला, मनगटाला पट्टी बांधलेला. काकांच्या पडद्यावर त्याच्या नावाखाली हिरवी पट्टी होती: अ‍ॅलर्जी नाही. काकांनी पट्टी वाचली आणि तरीही विचारलं, "कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"

"सल्फाचा होतो. अंगभर गांधी उठतात."

"नोंदणीच्या खिडकीत सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

काका ताईंकडे वळले. "हा सकाळपासूनचा चौथा." मग त्या माणसाचं औषध बदलून द्यायला डॉक्टरांना फोन लावता लावता म्हणाले, "नाही म्हणजे काय? विचारलं आणि तो नाही म्हणाला. तुमची पट्टी न विचारताच नाही म्हणते. मी आहे तोवर मी विचारीन हो. पण मी जेवायला गेलो तर?"

ताईंनी परत येऊन शोध घेतला. नोंदणीच्या अर्जात ही माहिती नीट भरता येत होती. अ‍ॅलर्जी असेल तर तिचं नाव लिहायचं, नसेल तर 'काही नाही' वर खूण करायची, आणि विचारायचं राहिलं तर रकाना कोरा राहायचा. जावामध्येही या तीन गोष्टी वेगवेगळ्या होत्या: भरलेली यादी, रिकामी यादी, आणि यादीच नाही. घोटाळा व्हायचा तो पत्र लिहिताना. यादी रिकामी असली तरी फ्रेमवर्क काही लिहायचं नाही, आणि यादी नसली तरी काही लिहायचं नाही. पलीकडची प्रणाली पत्र उघडायची, अ‍ॅलर्जीबद्दल तिला अक्षर सापडायचं नाही, आणि ती खुशाल हिरवी पट्टी लावायची.

ताईंनी हे त्यांच्या साहेबांना समजावून सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं अर्ध्यातच समाधान व्हायचं.

"एका रकान्यासाठी फ्रेमवर्कच्या वाटेत कशाला जायचं?" ते म्हणाले. "नोंदणीवाल्यांना सांगा ना, विचारत जा म्हणून."

"सांगते. पण बेशुद्ध माणसाला कोण विचारणार, साहेब?"

साहेबांनी थोडा वेळ पेनची उघडझाप केली आणि मग ते म्हणाले, "करा. पण आटोपशीर करा."

तेवढ्या परवानगीवर माझा जन्म झाला. ताईंनी मला दोन दिवसांत लिहिलं. माझे दोन भाग. एक पत्र लिहितो, एक पत्र वाचतो. अ‍ॅलर्जी असेल तर मी तिचं नाव लिहायचो. विचारून 'नाही' आलं असेल तर तसं स्पष्ट लिहायचो. आणि कुणी विचारलंच नसेल तर तेही लिहायचो: विचारलेलं नाही. औषधविभागाच्या प्रणालीतही थोडा बदल करून घेतला गेला, म्हणजे माझं हे वाक्य दिसलं की तिथे हिरवीऐवजी पिवळी पट्टी यावी. विचारलेलं नाही, रुग्णाला विचारा.

मग ताईंनी माझ्या तीन चाचण्या लिहिल्या. भरलेली यादी देऊन बघितली, रिकामी देऊन बघितली, न देऊन बघितली. तिन्हींत मी उतरलो. त्या चाचण्या मला थेट समोर उभं करून प्रश्न विचारायच्या. फ्रेमवर्क मला बोलावतं का, हे त्यात कुठेच तपासलं जात नव्हतं. तेव्हा हे ताईंच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. नोंदवहीत ओळ होती, मला हाक येत होती, मग शंका यायचं कारण काय?

पहिल्याच दिवशी पलीकडे सदतीस पिवळ्या पट्ट्या लागल्या. औषधकाकांनी ताईंना फोन करून एवढंच सांगितलं, "आता बरोबर आहे."

पुढची पाच वर्षं मी काम केलं. कौतुक व्हावं अशी अपेक्षा नव्हती, आणि झालंही नाही. पेनिसिलिन, सल्फा, आयोडीन, अंड्याचा बलक, शेंगदाणे, चिकटपट्टीचा गोंद, एका आजोबांच्या नावापुढे 'कडू औषध' असं कुणीतरी भाबडेपणाने लिहिलेलं, सगळं माझ्या हातून गेलं. माणसं किती घाईत असतात हे मला त्या एका रकान्यातून कळायचं. दुपारी जेवणाच्या आधीचा तास आला की कोरे रकाने वाढायचे. सोमवारी सकाळी तर विचारूच नका.

पिवळी पट्टी मात्र कुणाला आवडायची नाही. ती आली की खिडकीवर रुग्णाला विचारायला लागायचं, रुग्ण खाटेवर असला तर वॉर्डात फोन करायला लागायचा, रांग थांबायची. नोंदणीच्या प्रमुख बाई बैठकीत दरवेळी तेच गाऱ्हाणं मांडायच्या, "आमची माणसं काम करत नाहीत असं दिसतं त्या पट्टीमुळे." विचारलं असतं तर पट्टी लागली नसती, हे सोपं उत्तर होतं. ते द्यायला मला तोंड नव्हतं, आणि ज्यांना होतं ते चहा पीत होते.

चार वर्षांनी ताईंनी नोकरी बदलली. शाळांची वेळापत्रकं जुळवणाऱ्या एका लहान कंपनीत त्या गेल्या. त्यांची जागा तिशीतल्या एका हुशार मुलग्याने घेतली. काहीही सांगितलं की "झटपट करून टाकतो" म्हणायची त्याला सवय होती, म्हणून विभागात त्याचं नाव झटपटच पडलं. त्याला घरी तीन वर्षांची मुलगी होती, तिचा फोटो त्याच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेला असायचा. कामाला वाघ होता. जाताना ताईंनी त्याला एकेक गोष्ट समजावली. माझ्यापाशी येईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले होते.

"हा अ‍ॅलर्जीचा रूपांतरक. लहानसा आहे, पण याला हात लावताना जपून."

"हो ताई," तो म्हणाला आणि वहीत 'अ‍ॅलर्जी, जपून' असं लिहिलं. ती वही नंतर कुठे गेली ते त्यालाही सांगता आलं नाही.

वर्षभराने फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली. जुनीला आधार मिळणं बंद होणार होतं, म्हणून बदलणं भाग होतं. झटपटने नवी आवृत्ती घातली तेव्हा एका दमात त्रेचाळीस चुका पडद्यावर आल्या. दोन दिवस तो एकेक निस्तरत होता. माझ्यातही त्याने दोन शब्द बदलले आणि मी नव्या आवृत्तीत बसलो. पण नोंदवहीची पद्धतच बदलली होती. मला हाक मारणारी ती एक ओळ नव्या आवृत्तीला समजेना. झटपटने ती ओळ बंद केली आणि शेजारी लिहिलं: तात्पुरतं, नंतर बघू.

चुका शून्यावर आल्या. त्याने सगळ्या चाचण्या चालवल्या. माझ्या तिन्ही चाचण्याही चालल्या, आणि मी तिन्हींत पुन्हा उतरलो. मला समोर उभं करून विचारलं तर मी बरोबरच सांगणार. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तपासणी म्हणून मान वळवली.

"चाचण्या हिरव्या आहेत ना, पास?"

"सगळ्या."

"मग सोड."

त्या दिवसापासून मला हाक येणं बंद झालं. काही मोडलं नाही, कुठे इशारा आला नाही, कुणाचा फोन आला नाही. नोंदवहीत माझं नाव नाही हे बघितल्यावर फ्रेमवर्कने आपली जुनी रीत सुरू केली. रिकामं असलं तरी काही लिहायचं नाही, नसलं तरी काही लिहायचं नाही. मी जागच्या जागी होतो. रोज सकाळी सगळ्या प्रणालीबरोबर मलाही नव्याने बांधलं जायचं, माझी परीक्षा घेतली जायची, मी पास व्हायचो, आणि पत्रं माझ्या शेजारून निघून जायची. याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही. मला काढून टाकलं असतं तर निदान कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

पिवळ्या पट्ट्या एका दुपारी एकदम नाहीशा झाल्या. महिनाअखेरच्या बैठकीत साहेबांनी आकडा वाचला. न विचारलेले रुग्ण: शून्य. ते म्हणाले, "नोंदणीविभागाने कमाल केली आहे." नोंदणीच्या प्रमुख बाईंसाठी टाळ्या वाजल्या. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटलं असावं. रोजच्या तीस-पस्तीसांवरून एका दुपारी एकदम शून्य कसं झालं, हे त्या खोलीतल्या एकाही माणसाने विचारलं नाही. ज्यांनी हमखास विचारलं असतं ते औषधकाका तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडले होते. त्यांच्या जागी आलेला माणूस नवा होता. त्याला पिवळी पट्टी नावाची काही चीज असते हेच माहीत नव्हतं.

आणि मग ती बाई आली.

ती शिवणकाम करायची. मशीनची सुई उजव्या हाताच्या पहिल्या बोटातून आरपार गेली होती. हातातलं काम संपवायच्या नादात तिने बोटाला चिंधी गुंडाळली आणि चार दिवस तशीच शिवत राहिली. पाचव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला, ती असंबद्ध बोलायला लागली. भर दुपारी तिच्या दिराने तिला रुग्णालयात आणलं.

नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने त्या दिवशी आपलं काम चोख केलं. ती दिराला म्हणाली, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का यांना?"

"वहिनीचं मला काय ठाऊक? भाऊ गावाला गेलाय."

मुलीने रकाना कोरा ठेवला. अगदी बरोबर केलं. तो कोरा रकाना जावामध्ये 'यादीच नाही' म्हणून उतरला. मग पत्र लिहायची वेळ आली, आणि फ्रेमवर्कने मला न विचारता ते लिहिलं.

औषधविभागाच्या नव्या माणसाने हिरवी पट्टी बघून इंजेक्शन पाठवलं. वॉर्डात एक सिस्टर होती, अकरा वर्षं नोकरी झालेली. तिने त्या बाईला विचारून पाहिलं, पण बाई तापात कुठल्यातरी ब्लाउजच्या मापांबद्दल बोलत होती. सिस्टरने वॉर्डातल्या पडद्यावर बघितलं, तिथेही औषधविभागाचीच पट्टी दिसायची. सुई भरून झाल्यावर पुन्हा एकदा बघितलं. अ‍ॅलर्जी नाही. तिने इंजेक्शन दिलं.

पाच मिनिटांत बाईचे ओठ सुजले. मग डोळे. मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सिस्टरने डॉक्टरांना हाक मारली, ते धावत आले, घशात नळी घालावी लागली. पुढचे तीन दिवस ती बाई यंत्राच्या श्वासावर होती.

संध्याकाळी तिची बहीण पोचली. वॉर्डाच्या दाराशी तिने पहिल्यांदा विचारलं ते इंजेक्शनचं नाव. सिस्टरने ते सांगितलं.

"लहानपणी तिला त्याच औषधाने असं झालं होतं. घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला कुणी विचारलं का नाही?"

सिस्टर म्हणाली, "पडद्यावर 'नाही' लिहिलं होतं हो."

"कोण म्हणालं नाही?"

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

ती बाई वाचली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या तीन दिवसांत बोटातलं विष पसरायचं ते पसरलं. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आता पुरतं वाकत नाही. कात्री धरताना ती मधलं बोट वापरते.

चौकशी बसली. हे मला समजलं, कारण चौकशीचे सगळे कागद आमच्याच सर्व्हरवर, माझ्या शेजारच्या फोल्डरात ठेवले गेले. पहिलाच कागद सिस्टरच्या नावाने होता. रुग्णाच्या अ‍ॅलर्जीबाबत खात्री न करता औषध दिल्याबद्दल लेखी खुलासा करावा. तोवर वॉर्डातल्या कामावर येऊ नये.

तिने खुलासा लिहिला. मी पडद्यावर दोनदा बघितलं, दोन्ही वेळा 'नाही' असं होतं. औषध दिलं की पट्टी पडद्यावरून जायची, म्हणून चौकशीवाल्यांनी नोंदणीचा रकाना काढून बघितला, तर तो कोरा. मग त्यांनी तिलाच विचारलं, कोऱ्या रकान्यावरून तुम्हाला 'नाही' कसं दिसलं? साहेबांच्या विभागाकडे विचारणा झाली. तिथून दोन ओळींचं उत्तर गेलं: प्रणालीत कोणताही बिघाड नाही. सर्व चाचण्या यशस्वी आहेत.

माझ्या त्या तीन चाचण्याही त्या 'सर्व' मध्ये होत्या. मी पास झालो म्हणून सिस्टर खोटारडी ठरली. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका रागही कधी आला नव्हता. तो कुणावर काढावा हेही कळेना. झटपटने तर त्या दोन ओळी वाचल्याही नव्हत्या. साहेबांनी त्याला जाता जाता विचारलं होतं, "काही प्रॉब्लेम नाही ना?" तो म्हणाला होता, "नाही साहेब."

सहा आठवड्यांनी औषधकाका काठी टेकत कामावर आले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते खिडकीत बसले आणि त्यांनी नव्या माणसाला विचारलं, "पिवळी एकही नाही?"

"पिवळी म्हणजे काय?"

काकांनी नोंदणीप्रणालीच्या विभागाला फोन केलाच नाही. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि ताईंच्या नव्या ऑफिसचा नंबर फिरवला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग झटपटला फोन लावला.

"नोंदवहीतली ओळ बघ. अ‍ॅलर्जीच्या रूपांतरकाची."

"आहे ना ताई, तो फाइलमध्ये आहे. चाचण्या पण हिरव्या आहेत."

"तो असून उपयोग नाही. त्याला बोलावतं का कुणी, ते बघ. मी फोन धरून आहे."

झटपटने शोधलं. बंद केलेली ओळ सापडली, तिच्या शेजारचं 'तात्पुरतं, नंतर बघू' सापडलं, आणि त्याखाली तारीख आणि त्याचं स्वतःचं नाव.

"ताई, ही मी बंद केली."

"चूक माझीपण आहे," ताई म्हणाल्या. "मी फक्त त्याचीच परीक्षा घेतली. सबंध पत्र पलीकडे नीट जातं का, ते मी तपासायला हवं होतं. आता काय करणार आहेस?"

"झटपट दुरुस्त करतो."

"ते कर. पण मी त्याबद्दल विचारत नव्हते."

फोन ठेवल्यावर तो उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, परत येऊन बसला. ओळ गुपचूप पुन्हा घातली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. जुन्या बदलांचा इतिहास असतो खरा, पण तो उघडून बघायची सवय तिथे कुणालाच नव्हती. त्याची बढती तोंडावर आली होती. पडद्याच्या कडेला मुलीचा फोटो होता. शेजारच्या फोल्डरात सिस्टरचा खुलासा होता. तो त्याने त्या दिवशी पहिल्यांदा उघडला आणि दोनदा वाचला.

मग त्याने साहेबांना पत्र लिहिलं. कुठल्या तारखेला कुठली ओळ बंद केली, त्यामुळे न विचारलेल्या रुग्णांपुढे 'नाही' कसं दिसायला लागलं, आणि पडद्यावर जे दिसल्याचं सिस्टर सांगते आहे ते खरंच तिथे होतं. शेवटी लिहिलं, ओळ मी बंद केली.

साहेबांनी त्याला आत बोलावून दार लावून घेतलं.

"हे असं लिहायची गरज होती का? दुरुस्ती करायची आणि मोकळं व्हायचं."

"मग सिस्टरचं काय, साहेब?"

"त्यांची चौकशी वेगळी आहे."

"वेगळी नाही. त्यांनी जे वाचलं ते माझ्यामुळे तिथे आलं होतं."

"थोडं थांब. मी बोलतो त्यांच्याशी."

"मी चौकशीला प्रत पाठवली आहे," झटपट म्हणाला. साहेब खुर्चीत मागे टेकले.

सिस्टरच्या नावाने काढलेलं पत्र नवव्या आठवड्यात दुसऱ्या कागदाने मागे घेतलं गेलं. त्यात 'सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे' असं होतं. चुकलो, असं कुठे नव्हतं. झटपटची बढती राहिली. साहेबांना कुणी काही विचारलं नाही. शून्यावर वाजलेल्या टाळ्याही कुणी परत घेतल्या नाहीत.

झटपट एका दुपारी वॉर्डात जाऊन सिस्टरला भेटला. ती गोळ्यांची पाकिटं लावत होती. त्याने माफी मागितली. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. पण आता मी तो पडदा बघतच नाही. प्रत्येकाला विचारते. एकाच माणसाला तीन तीनदा विचारते. वैतागतात ते माझ्यावर." मग पुढचं पाकीट उचलत म्हणाली, "घरी मुलांनाही विचारते, जेवायला वाढताना."

तो परत आला.

नव्या आवृत्तीच्या पद्धतीने त्याने नवा रूपांतरक लिहिला. माझ्यासारखाच आहे, माझ्यापेक्षा थोडा सुबक. त्याची चाचणी मात्र सबंध वाटेवरून होते. खोटा रुग्ण घालतात, पत्र लिहिलं जातं, पलीकडे उघडलं जातं, आणि पट्टी कुठल्या रंगाची लागली ते बघतात. नोंदवहीतली ओळ कुणी बंद केली तर सगळं काम तिथेच अडतं. हे झटपट केलेलं काम नाही. त्याला पंधरा दिवस लागले. पहिल्या दिवशी एकेचाळीस पिवळ्या पट्ट्या लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात नोंदणीच्या प्रमुख बाईंचा निरोप आला. पट्टीचा पिवळा रंग फार डोळ्यांवर येतो, जरा फिका करता येईल का? बोट न वाकणाऱ्या त्या बाईच्या रुग्णालयातल्या फेऱ्याही अजून संपल्या नव्हत्या. झटपटने उत्तर पाठवलं: नाही.

आता माझं काय? मी अजून आहे, जुन्या फायलींच्या फोल्डरात. नवा नीट चालतो आहे हे महिनाभर बघून मग मला पुसायचं ठरलं आहे. येत्या शुक्रवारी महिना भरेल. त्याचं मला दुःख नाही. माझं काम आता दुसरा करतो, आणि त्याला हाक येते का हे बघणारा एक माणूस आता पक्का जागा आहे. मला सलतं ते एवढंच, की ज्या दिवसांत मी सगळं नीट सांगू शकत होतो त्या दिवसांत मी तिथेच होतो, शाबूत, उत्तरासकट, आणि माझ्याकडे कुणी वळलं नाही.

मला कुणाकडे काही मागता येत नाही, पण तुम्ही इतकं ऐकलंत म्हणून मागतो. कधीतरी तुम्हीही अशा एखाद्या खिडकीशी उभे असाल. पलीकडचं माणूस दमलेलं असेल, मागे रांग असेल, आणि तो प्रश्न तुम्हाला विचारायचा राहून जाईल. तेव्हा गप्प राहू नका. आपणहून सांगा. माणूस आपल्या घरचं असेल तर त्याला कशाचं वावडं आहे ते आधीच माहीत करून ठेवा. आणि सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली तर तेवढ्यावर निघू नका. काचेला नाक लावून बघा, त्यांनी ते लिहिलं का.